पन्नास हजारांचं एक मिनिट

सामना सुरू व्हायला तीन-चार मिनिटं उरलेली असतात. दोन्ही संघ मध्यवर्तुळाच्या रेषेवर येऊन उभे राहतात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. दंडाला काळी फीत. निवेदक गेलेल्या माणसाचं नाव घेतो, पडद्यावर त्याचा फोटो येतो आणि पंच एक लांब शिट्टी वाजवतो. त्यानंतर ते मैदान एरवी कधीच न ऐकू येणारे आवाज ऐकवू लागतं. छपरावरच्या झेंड्याची दोरी खांबावर आपटत असते. कुठल्याशा स्टँडमध्ये तान्हं मूल रडतं. बंदराचं गाव असेल तर सीगल पक्षी ओरडत वरून जातात. ध्वनिक्षेपक बंद केलेला नसेल तर त्याची बारीक घरघर सगळ्या मैदानभर पसरते. पन्नास हजार माणसं एकाच जागी श्वास घेत उभी आहेत आणि कुणी काही बोलत नाही, असं माणसाच्या आयुष्यात दुसरीकडे फार कुठे घडत नाही.

इंग्लंडच्या मैदानांवर गेल्या वीस वर्षांत या शांततेला एक पर्याय आला आहे. तेवढाच वेळ, तीच शिट्टी, तोच फोटो, पण शिट्टी वाजताच सगळे टाळ्या वाजवू लागतात. मिनिटभर. या दोन्हींतलं योग्य काय, हा वाद तिथे प्रत्येक मोठ्या मृत्यूनंतर नव्याने निघतो. वाद वरवर शिष्टाचाराचा वाटतो. मला तो त्याहून खोल वाटतो, कारण मौन आणि टाळ्या गर्दीकडे दोन वेगळ्या गोष्टी मागतात.

आपल्याकडे शोकसभेत ‘दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली’ हे इतकं अंगवळणी पडलं आहे की ती आपली जुनी रीत वाटावी. ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता भोंगा होतो, तेव्हाही दोन मिनिटंच थांबायचं असतं. ही दोन मिनिटं आली पहिल्या महायुद्धातून. १९१८ साली केपटाऊनमध्ये दुपारची तोफ उडाली की सगळं शहर थांबायचं. सुरुवातीला तीन मिनिटं करून पाहिली, ती फार लांबली म्हणून दोन ठेवली. दक्षिण आफ्रिकेतले लेखक आणि राजकारणी सर पर्सी फिट्झपॅट्रिक यांनी ही प्रथा लंडनपर्यंत पोचवली. पाचवा जॉर्ज राजाने केलेलं आवाहन ७ नोव्हेंबर १९१९ रोजी वृत्तपत्रांत छापून आलं आणि ११ नोव्हेंबरला अकरा वाजता सगळं ब्रिटिश साम्राज्य दोन मिनिटं थांबलं. रस्त्यातली वाहनं थांबली, कारखान्यांतली यंत्रं थांबली. पहिलं मिनिट जिवंत परत आलेल्यांच्या कृतज्ञतेचं आणि दुसरं न परतलेल्यांचं, असं त्या काळी सांगितलं जाई. त्याही आधी, १९१२ मध्ये, ब्राझीलचे परराष्ट्रमंत्री बॅरन रिओ ब्रांको वारले तेव्हा पोर्तुगालच्या सिनेटने दहा मिनिटं मौन पाळल्याची नोंद आहे. सभागृहातल्या मोजक्या माणसांना दहा मिनिटं जमतील. फुटबॉलने त्याचं एक मिनिट केलं, आणि एवढ्या गर्दीला तेही पेलणं सोपं नसतं.

कारण हिशेब सोपा आहे आणि तो गर्दीच्या विरोधात जातो. समजा पन्नास हजार प्रेक्षक आहेत आणि दर दहा हजारांत फक्त एक माणूस असा आहे, ज्याला ओरडल्याशिवाय राहवत नाही. म्हणजे पाच माणसं. बाकीच्या एकोणपन्नास हजार नऊशे पंचाण्णव जणांनी काटेकोर मौन पाळलं तरी ते मौन मोडलेलंच असतं. उलट, टाळ्यांच्या मिनिटात पाच नव्हे, पाचशे जण शिव्या देत असले तरी शेजारच्या रांगेपलीकडे कुणाला पत्ता लागत नाही. मौनाचं भवितव्य गर्दीतल्या सर्वांत वाईट माणसाच्या हाती असतं, टाळ्यांचं सरासरी माणसाच्या. टाळ्यांची लोकप्रियता वाढण्यामागे हे साधं गणित मोठं आहे, आणि क्लबांचे अधिकारी ते उघडपणे फारसं बोलत नाहीत.

मौन मोडतं कसं, हेही नीट पाहण्यासारखं आहे. सगळेच मोडणारे दुष्ट नसतात. सामन्याच्या वेळेला पाच मिनिटं असताना शेकडो लोक स्टँडखालच्या बोळात असतात, बिअरच्या रांगेत, स्वच्छतागृहात किंवा फिरत्या फाटकांपाशी. तिथे निवेदकाचा आवाज नीट पोचत नाही. ते जिना चढून वर येतात ते आपल्याच गप्पांच्या भरात, गाणं म्हणत, आणि अचानक सगळं मैदान त्यांच्याकडे वळून पाहतं. दुसरा प्रकार दारू प्यायलेल्यांचा. तिसरा मात्र ठरवून ओरडणाऱ्यांचा, आणि खरं नुकसान तोच करतो. त्याच्या एका आरोळीनंतर काय होतं ते ऐका. जवळचे लोक ‘शूऽऽ’ करतात. हजार माणसांचं ‘शूऽऽ’ हा त्या पहिल्या आरोळीपेक्षा कितीतरी मोठा आवाज असतो. मग कुणीतरी चिडून ‘गप्प बस’ म्हणून खेकसतो, त्याला दुसऱ्या टोकाकडून उत्तर येतं. समोरच्या स्टँडला आरोळी ऐकूच आलेली नसते, त्यांना नुसता गलका ऐकू येतो, आणि मौन संपलं असं वाटून तेही बोलू लागतात. पंच हे ओळखतो आणि शिट्टी वाजवून टाकतो. वीस-पंचवीस सेकंदांत खेळ खलास. त्या आरोळीपेक्षा रागावलेल्या भल्या माणसांनीच पुष्कळदा मौन बुडवलेलं असतं. आवाज झाला तर त्याला उत्तर द्यायचं नाही, तो शांततेत तसाच लोंबकळू द्यायचा, हे ज्या गर्दीला जमतं तिचं मौन टिकतं.

हे वारंवार घडलं आहे. एप्रिल २००५ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे वारले. त्यानंतर ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर हार्ट्स आणि सेल्टिक यांच्यात स्कॉटिश कपची उपांत्य लढत होती. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक यांचं जुनं वैर उफाळून आलं आणि पंचाला मौन अर्धवट थांबवावं लागलं. १५ एप्रिल २०१२ रोजी वेम्बलीवर चेल्सी आणि टॉटनहॅम समोरासमोर होते. १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे प्रेक्षक चेंगरून मेले, त्या दुर्घटनेचा तो स्मृतिदिनच होता. चेल्सीच्या काही प्रेक्षकांनी मौन मोडलं. दहा वर्षांनी त्याच वेम्बलीवर, १६ एप्रिल २०२२ रोजी, मँचेस्टर सिटीच्या काही जणांनी तेच केलं. पंच मायकेल ऑलिव्हर यांनी मौन लवकर थांबवलं, आणि सिटीने लिव्हरपूलची माफी मागितली. हिल्सबरोत मेलेले खेळाडू नव्हते. सामना पाहायला आलेली, आपल्यासारखीच तिकीट काढून आलेली माणसं होती ती, सत्त्याण्णव. त्यांच्यासाठीचं मिनिट दुसऱ्या प्रेक्षकांनी मोडावं, याचं मला अजूनही नवल वाटतं आणि दुःखही.

टाळ्या इंग्लंडमध्ये रुजल्या त्या मँचेस्टर युनायटेडचा एकेकाळचा गाजलेला खेळाडू जॉर्ज बेस्ट याच्या मृत्यूने. बेस्ट २५ नोव्हेंबर २००५ रोजी गेला. दोनच दिवसांनी अप्टन पार्कवर वेस्ट हॅमच्या घरी मँचेस्टर युनायटेडचा सामना होता आणि तिथे मौनाऐवजी टाळ्या वाजल्या. त्या आठवड्यात देशभरात कुठे मौन झालं, कुठे टाळ्या. जिथे मौन ठेवलं तिथल्या काही मैदानांवर युनायटेडच्या द्वेषापायी ते विस्कटलं. खुद्द युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर ३० नोव्हेंबरला वेस्ट ब्रॉमविच अल्बियनविरुद्ध सामना होता. याच संघाविरुद्ध, याच मैदानावर, सप्टेंबर १९६३ मध्ये सतरा वर्षांचा बेस्ट युनायटेडकडून पहिल्यांदा खेळला होता. तिथे मात्र हजारो प्रेक्षकांनी त्याचे फोटो डोक्यावर धरले आणि शांतता राखली. एकाच माणसासाठी एकाच आठवड्यात दोन्ही रीती वापरल्या गेल्या आणि लोकांना तुलना करायला मिळाली. ज्या माणसाने आयुष्यभर टाळ्या मिळवल्या त्याला निरोपही टाळ्यांनीच द्यावा, हे पुष्कळांना पटलं.

इटलीत ही रीत आधीपासून होती. तिथे चर्चमधून शवपेटी बाहेर येते तेव्हा दारात जमलेले लोक टाळ्या वाजवतात. नट, गायक, खेळाडू आणि स्फोटात मारले गेलेले पोलीससुद्धा. आपल्याला ते ऐकायला विचित्र वाटतं, कारण आपल्या कानांना मृत्यूपाशी टाळी म्हणजे औचित्यभंग. आपण ‘अमर रहे’ म्हणतो. आवाज चालतो, पण हात जोडलेले असावे लागतात. इटालियन माणसाला मात्र त्या टाळ्यांत नाटक संपल्यावर पडद्याकडे पाहून वाजवलेल्या टाळ्या ऐकू येतात. गेलेल्याचं काम पुरं झालं आणि ते चांगलं झालं, एवढंच ते म्हणत असतात. ही भावना जिथे खरी असते तिथे टाळ्या फार सुंदर वाटतात.

आणि त्या शिकवल्याशिवायही येतात. २७ नोव्हेंबर २०११ रोजी वेल्सचा प्रशिक्षक गॅरी स्पीड गेल्याची बातमी आली तेव्हा स्वान्सीत स्वान्सी आणि अ‍ॅस्टन व्हिला यांचा सामना सुरू व्हायला जेमतेम काही वेळ उरला होता. मौन जाहीर झालं. ते सुरूही झालं. आणि मग एका कोपऱ्यातून टाळ्या आल्या, त्या पसरत गेल्या आणि सगळं मैदान टाळ्या वाजवू लागलं. स्पीडबरोबर खेळलेला व्हिलाचा गोलरक्षक शे गिव्हन रडत होता. ते मौन मोडलं असं कुणी म्हणालं नाही. दोन दिवसांनी नॉटिंगहॅममध्ये लीड्सच्या पाठिराख्यांनी अकराव्या मिनिटाला स्पीडचं नाव गायला सुरुवात केली आणि पुढची अकरा मिनिटं ते गात राहिले. लीड्सकडून तो अकरा नंबरचा शर्ट घालायचा.

त्याहूनही जुना दाखला मिलानचा आहे. हिल्सबरोनंतर चारच दिवसांनी, १९ एप्रिल १९८९ रोजी, सान सिरोवर एसी मिलान आणि रेआल माद्रिद यांच्यात युरोपियन कपची उपांत्य लढत होती. सामना सुरू झाल्यावर थोड्याच वेळात पंचाने हिल्सबरोच्या मृतांसाठी खेळ थांबवला. मिलानच्या प्रेक्षकांनी आधी मौन पाळलं. मग त्यांनी लिव्हरपूलचं गाणं म्हटलं, परक्या भाषेतलं, परक्या क्लबचं. मिलानने तो सामना ५-० जिंकला, पण त्या सामन्याबद्दल लोक अजून बोलतात ते त्या एका मिनिटामुळेही.

यातूनच सामन्याच्या मधल्या टाळ्यांची पद्धत वाढली. गेलेल्या खेळाडूच्या शर्टावरचा नंबर म्हणजे ते मिनिट. बार्सिलोनातल्या एस्पान्योल क्लबचा कर्णधार दानी हार्के ८ ऑगस्ट २००९ रोजी सव्वीसाव्या वर्षी हृदय बंद पडून गेला. त्याचा नंबर २१. तेव्हापासून एस्पान्योलच्या सामन्यात एकविसाव्या मिनिटाला प्रेक्षक टाळ्या वाजवतात, प्रत्येक सामन्यात, संघ हरत असला तरी. २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गोल केल्यावर आंद्रेस इनिएस्ताने शर्ट काढला. आतल्या बनियनवर हार्केचं नाव लिहिलं होतं. बार्सिलोनाचा खेळाडू असूनही एस्पान्योलच्या मैदानावर त्याला नंतर उभं राहून दाद मिळत राहिली. फियोरेंटिनाचा कर्णधार दाविदे अस्तोरी ४ मार्च २०१८ रोजी गेला. आठवड्याने बेनेव्हेंतोविरुद्धच्या सामन्यात तेराव्या मिनिटाला खेळ थांबला, कारण त्याचा नंबर १३. तो सामना फियोरेंटिनाने १-० जिंकला. गोल केला व्हितोर ह्युगोने, आणि त्याच्या पाठीवरचा नंबर होता ३१. हॉलंडचा थोर खेळाडू योहान क्रायफ गेला तेव्हा अ‍ॅमस्टरडॅममध्ये हॉलंड-फ्रान्स सामना चौदाव्या मिनिटाला थांबला. फ्रान्सच्या नाँत क्लबकडून खेळलेला एमिलियानो साला ज्या विमानात होता ते जानेवारी २०१९ मध्ये इंग्लिश खाडीवर बेपत्ता झालं, आणि नाँतमध्ये नवव्या मिनिटाला खेळ थांबला.

या पद्धतीत एक बारीक अडचण आहे, ती नेहमी गोंधळ घालते. नियमाच्या भाषेत तेरावं मिनिट बारा मिनिटं पूर्ण होताच सुरू होतं. पण पडद्यावरच्या घड्याळात १३:०० दिसेपर्यंत प्रेक्षक थांबतात, म्हणजे प्रत्यक्षात टाळ्या चौदाव्या मिनिटात वाजतात. काही जण आधी सुरू करतात, त्यांना वाटतं बाकीचे विसरले. पत्रकात ‘तेराव्या मिनिटाला’ एवढंच न लिहिता ‘घड्याळात १३:०० दिसताच’ असं लिहिलं की हा घोळ मिटतो. खेळ थांबवायचा की चालू ठेवायचा, हे दोन्ही संघांशी आणि पंचाशी आधी बोलून ठेवावं लागतं. नाहीतर नेमका त्याच मिनिटाला कॉर्नर मिळतो, निम्मं मैदान टाळ्या वाजवतं आणि निम्मं ‘हाणा’ म्हणून ओरडतं. दुसरी अडचण मोठी आहे. हे मिनिट जिवंत माणसांसाठीही वापरलं जातं. अ‍ॅस्टन व्हिलाच्या स्टिलियन पेत्रोव्हला रक्ताचा कर्करोग झाला तेव्हा एकोणिसाव्या मिनिटाला टाळ्या वाजत. २०२१ मध्ये डेन्मार्कचा क्रिस्टियन एरिक्सन मैदानावर कोसळून वाचला, आणि पुढच्या सामन्यात बेल्जियमच्या खेळाडूंनी दहाव्या मिनिटाला चेंडू बाहेर मारून टाळ्या वाजवल्या. ते योग्यच होतं. पण टाळी ही जगलेल्यालाही चालते आणि गेलेल्यालाही. मौन फक्त गेलेल्यालाच देता येतं.

टाळ्यांचं मिनिट वाजतं कसं, तेही ऐकावं. पहिल्या पाच सेकंदांत ते सर्वांत मोठं असतं. मग तळवे दुखू लागतात. हिवाळ्यात लोकांच्या हातांत लोकरी मोजे असतात, त्यांची टाळी दबकी, धपधप अशी येते. एका हातात चहाचा कप असलेला माणूस मांडीवर थाप मारतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो आणि मोठ्या मैदानाच्या एका टोकापासून दुसरं टोक सहज दीडशे-दोनशे मीटरवर असतं. म्हणून या टोकाची टाळी त्या टोकाला अर्ध्या सेकंदाने पोचते आणि सगळं मैदान एका तालात कधीच येत नाही. पावसासारखा एकसंध आवाज होतो. पंचवीस-तीस सेकंदांनंतर तो उतरतो आणि तिथे कुणीतरी गाणं उचलतं. गाणं त्याच माणसाचं असेल तर टाळ्यांना दुसरा दम मिळतो. नसेल तर मिनिट तिथेच नेहमीच्या सामन्यात विरघळतं. हीच टाळ्यांची खोट. त्यांचा शेवट कळत नाही. मौनाचा शेवट मात्र सगळ्यांना कळतो. शिट्टी वाजते आणि कोंडून धरलेला आवाज एकदम सुटतो. त्या आवाजात रडणंही मिसळलेलं असतं.

टाळ्यांनी अपमान झाकला जातो, असं मानून त्या निवडणं धोक्याचं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ वारल्यानंतर सेंट मिरन आणि सेल्टिक यांच्या सामन्याआधी मौन टाळून टाळ्या ठेवल्या. सेल्टिकचे बरेच पाठिराखे आयरिश वंशाचे, राजघराण्याशी त्यांचं वैर जुनं. त्यांनी ‘राजघराण्याचा राग येत असेल तर टाळ्या वाजवा’ अशा अर्थाचं गाणं म्हटलं. टाळ्याच अपमानाचं साधन झाल्या. मौन मोडता येतं, टाळ्या पळवता येतात.

आणि काही वेळा मौन मोडणाऱ्याच्या मनात अपमान नसतोही. जून २०१७ मध्ये अ‍ॅडलेडला ऑस्ट्रेलिया आणि सौदी अरेबिया यांच्या सामन्याआधी लंडन ब्रिजवरच्या हल्ल्यात गेलेल्यांसाठी मौन होतं. ऑस्ट्रेलियाचे खेळाडू ओळीत उभे राहिले, सौदी खेळाडू आपापल्या जागी गेले आणि पाय मोकळे करत राहिले. ही रीत त्यांच्या संस्कृतीत नाही, असं स्पष्टीकरण आलं. जगभर टीका झाल्यावर सौदी संघटनेने माफी मागितली. मौन सर्वांना आपोआप कळतं, हा समजच चुकीचा आहे. ते शिकावं लागतं, आणि आधी सांगावं लागतं.

आता त्या एका मिनिटाकडे येऊ ज्यामुळे मी मौनाच्या बाजूला झुकतो.

६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकच्या बर्फाळ धावपट्टीवर मँचेस्टर युनायटेडचं विमान कोसळलं. तेवीस जण गेले, त्यांत आठ खेळाडू. त्याला पन्नास वर्षं पूर्ण झाली २००८ मध्ये, आणि त्या आठवड्यात, १० फेब्रुवारीला, ओल्ड ट्रॅफर्डवर सामना कुणाशी होता, तर मँचेस्टर सिटीशी. सिटीच्या स्टँडमधून म्युनिकवरून टोमणे मारणारी गाणी वर्षानुवर्षं येत होती. विमानाचे पंख दाखवल्यासारखे हात पसरून चिडवणं, हे त्यांतलंच. सिटीच्या पाठिराख्यांच्या संघटनेने स्वतःच विनंती केली की मौन नको, टाळ्या ठेवा, आमच्यातल्या काहींचा भरवसा आम्हाला नाही. ही प्रामाणिक विनंती होती. युनायटेडने ती नाकारली. पन्नास वर्षांनंतर आपल्या मृतांसाठी टाळ्या वाजवायच्या त्या दुसऱ्यांच्या भीतीने, हे त्यांना मान्य नव्हतं.

चारच दिवस आधी, ऐन स्मृतिदिनी, वेम्बलीवर इंग्लंड-स्वित्झर्लंड सामना होता. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेला मौन मोडण्याची भीती वाटत होती, म्हणून आधी ते ठेवायचंच नाही असं ठरलं होतं. टीका झाली, मग ठेवलं. काही जण ओरडले आणि ते आवरतं घ्यावं लागलं. रविवारच्या सामन्यात काय होणार, याचा जणू तो नमुनाच होता.

मग तयारी झाली, आणि ती शिकण्यासारखी आहे. दोन्ही क्लबांनी आवाहनं केली. दोन्ही संघांनी जाहिरातींचं नाव नसलेले शर्ट घातले. युनायटेडचे शर्ट १९५८ च्या धाटणीचे, पाठीवर एक ते अकरा नंबर, नावं नाहीत. सिटीच्या सुमारे ३,००० पाठिराख्यांसाठी निळे-पांढरे स्मृतीचे स्कार्फ होते. म्हणजे त्यांच्या हातात काहीतरी दिलं गेलं, धरायला, उंचावायला. नुसतं ‘गप्प राहा’ सांगितलं की माणूस मोकळ्या हातांनी उभा राहतो आणि मोकळे हात अस्वस्थ असतात. त्यांना त्यांचा स्वतःचा मृत माणूसही आठवून दिला गेला. फ्रँक स्विफ्ट हा सिटीचा थोर गोलरक्षक. निवृत्तीनंतर पत्रकार म्हणून तो त्या विमानात होता आणि म्युनिकलाच गेला. युनायटेडचे प्रशिक्षक मॅट बस्बी त्या अपघातातून वाचले, ते तरुणपणी सिटीकडूनच खेळले होते. ही दुर्घटना शेजाऱ्याची नव्हती, आपल्या घरचीही होती.

बॅगपाइपच्या सुरावर संघ बाहेर आले. युनायटेडचे प्रशिक्षक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन आणि सिटीचे स्वेन-गोरान एरिक्सन यांनी पुष्पचक्रं वाहिली. शिट्टी वाजली. आणि सिटीच्या स्टँडने मौन पाळलं. स्कार्फ डोक्यावर ताणून ते उभे राहिले. पंच्याहत्तर हजारांच्या त्या मैदानात ते मिनिट पुरं झालं. नंतर सिटीने सामना २-१ असा जिंकला, ओल्ड ट्रॅफर्डवरचा त्यांचा १९७४ नंतरचा पहिला विजय. फर्ग्युसन सामना हरले, आणि तरी त्यांनी सिटीच्या प्रेक्षकांचे आभार मानले.

टाळ्या ठेवल्या असत्या तर त्या स्टँडमध्ये कोण गप्प होतं आणि कोण काय म्हणत होतं, हे कधीच कळलं नसतं. सिटीच्या माणसांना काही देण्याची संधीच मिळाली नसती. मौनात मोडण्याची शक्यता असते म्हणूनच ते पाळणाऱ्याचं काही मोल होतं. तीन हजार माणसं त्या दिवशी गप्प बसली ती बळजबरीने नाही. ओरडणं प्रत्येकाच्या हातात होतं आणि कुणी ओरडलं नाही.

ग्लासगोतही एकदा असं झालं. २ जानेवारी १९७१ रोजी आयब्रॉक्स मैदानाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत सहासष्ट माणसं गेली. त्याला चाळीस वर्षं झाली तेव्हा रेंजर्स आणि सेल्टिक पुन्हा आयब्रॉक्सवरच भेटले. संघांना बाहेर घेऊन आले ते १९७१ चे दोन कर्णधार, जॉन ग्रेग आणि बिली मॅकनील, दोघंही म्हातारे झालेले. जगातल्या सर्वांत कडव्या वैरांपैकी एक असलेल्या त्या मैदानावर मौन पाळलं गेलं.

म्हणून निवड करताना मी असं पाहीन. खेळून, गाजवून, म्हातारा होऊन कुणी गेला असेल तर टाळ्या. तरुण खेळाडू अचानक गेला असेल तर पहिल्या सामन्यात मौन, आणि मग त्याच्या नंबराचं मिनिट. प्रेक्षकच गेले असतील, दुर्घटना असेल, बॉम्बस्फोट असेल, तर मौनच. चेंगराचेंगरीत गेलेल्या मुलासाठी टाळी कशाची वाजवणार? आणि टाळ्या भीतीपोटी निवडल्या जात असतील तर आधी मौनाची तयारी नीट केली का, हे विचारावं.

तयारी म्हणजे काय, तेही सांगतो. घोषणा शिट्टीच्या पाच मिनिटं आधी एकदा आणि मग अर्धं मिनिट आधी पुन्हा, आणि ती स्टँडखालच्या बोळांतल्या स्पीकरवरही. मौन चालू असेपर्यंत जिने रिकामे आणि बोळाची दारं बंद, कर्मचाऱ्यांनी दारात उभं राहून. निवेदकाची दोन वाक्यं पुरेत. लांबलेली घोषणा लोक ऐकत नाहीत आणि मौन सुरू झाल्याचं त्यांना कळत नाही. नाव, काय झालं, किती वेळ, कशाने सुरू आणि कशाने संपणार. ध्वनिक्षेपक पूर्ण बंद, पडद्यावर हलती चित्रं नकोत, एकच स्थिर फोटो, कारण चित्र हललं की लोक त्यावर बोलतात. पाहुण्या संघाच्या पाठिराख्यांना पत्र सामन्याच्या आठवडाभर आधी, त्यांच्याच क्लबकडून. पंचाला सांगून ठेवायचं की एखादी आरोळी आली म्हणून शिट्टी वाजवायची नाही. गलका वाढतच गेला तरच वाजवायची. पंच घाबरून शिट्टी वाजवतो तेव्हा ओरडणाऱ्याला कळतं की एका आरोळीने मिनिट संपवता येतं, आणि पुढच्या वेळी तो तेच करतो.

इंग्लंडमध्ये आता अशा टोमण्यांवर खटले होतात. २०२३ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात हिल्सबरोच्या मृतांची टिंगल करणारा शर्ट घालून आलेल्या एका माणसाला न्यायालयाने चार वर्षं मैदानबंदी घातली. २०२३-२४ च्या हंगामापासून प्रीमियर लीगने अशा घोषणांविरुद्ध कडक पावलं उचलली. त्याचा उपयोग होईल, पण मैदानातलं मौन न्यायालयात तयार होत नाही.

लिव्हरपूल आणि मँचेस्टर ही पन्नासेक किलोमीटरवरची शेजारी शहरं, एकमेकांची कट्टर वैरी. दर १५ एप्रिलला लिव्हरपूलमध्ये तीन वाजून सहा मिनिटांनी, हिल्सबरोचा सामना थांबला त्या वेळेला, लोक थांबतात. दर ६ फेब्रुवारीला ओल्ड ट्रॅफर्डबाहेर, ज्या घड्याळावर म्युनिकची तारीख लिहिली आहे त्याखाली, लोक जमतात. पुष्कळदा पाऊस असतो. जुन्या टोप्यांतली माणसं असतात, शाळेतून आणलेली मुलं असतात. घड्याळात तीन वाजून चार मिनिटं होतात, विमान कोसळलं ती वेळ, आणि सगळे गप्प होतात. तिथे पंच नसतो, शिट्टी नसते.